शेवटचा कान

विनाइल तबकडीवरचं शेवटचं गाणं संपतं तिथून मधल्या कागदी लेबलापर्यंत एक गुळगुळीत पट्टा असतो. तबकडी तिरकी करून उजेडात धरली की त्यावर बारीक कोरलेली अक्षरं दिसतात. बहुतेक वेळा तो नुसता साच्याचा क्रमांक असतो, पण काही तबकड्यांवर त्याच्या शेजारी एखादी सही सापडते. लेड झेपेलिनच्या १९६९ सालच्या दुसऱ्या अल्बमच्या सुरुवातीच्या अमेरिकी प्रतींवर ‘आरएल’ आहे. ब्लू नोट कंपनीच्या कितीतरी जॅझ तबकड्यांवर ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ असा शिक्का आहे. इंग्लंडच्या जॉर्ज पेकहॅमनं कापलेल्या तबकड्यांवर ‘पोर्की प्राइम कट’ असं लिहिलेलं असतं. या अक्षरांसाठी संग्राहक साध्या प्रतीच्या कित्येक पट किंमत मोजतात. गाणं तेच, वादक तेच, मूळ टेपही तीच. तरीही एका प्रतीत ढोल थेट अंगावर येतो आणि दुसऱ्या प्रतीत तो शेजारच्या खोलीत वाजत असावा असं वाटतं. सही करणारा माणूस गायक नव्हता, संगीतकारही नव्हता. गाणं कारखान्यात जाण्यापूर्वी ते शेवटचं ऐकणारा आणि त्याला छापता येईल असं रूप देणारा तो मास्टरिंग इंजिनिअर होता. आवाज अधिक सुंदर करायला हा धंदा निघाला, असा आज सर्वसाधारण समज आहे. इतिहास वेगळं सांगतो. हे कसब माध्यमाच्या मर्यादेतून जन्मलं, आणि ती मर्यादा त्यानं मानली तोवर संगीताचं भलं झालं. ती झुगारली गेली तेव्हा त्याच हत्यारांनी संगीत बिघडवलंही.

ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीच्या दशकांत मास्टरिंग नावाचं वेगळं काम नव्हतं. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्याला आला आणि त्यानं गायिका गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला. कर्ण्यात गायलेला स्वर पडद्याला हलवायचा, पडदा सुईला हलवायचा आणि सुई मेणावर चर कोरायची. या साखळीत विजेला कुठेच जागा नव्हती. ती मेणाची तबकडी जर्मनीत हॅनोव्हरला जायची, तिथे तिचा धातूचा साचा बनायचा आणि छापील तबकड्या बोटीनं परत यायच्या. कलकत्त्यात कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. डमडमचा प्रसिद्ध कारखाना त्यानंतरचा. एकदा मेणावर उठलेली रेघ दुरुस्त करायची सोय नसल्यानं सगळे निर्णय गाणं चालू असतानाच घ्यावे लागत. तार षड्ज लागला की गायकाला कर्ण्यापासून मागे घ्यायचं, खर्जात गेला की पुढे आणायचं. तबला फार जवळ आला तर सुई उडणार, सारंगी फार दूर गेली तर ती हरवणार. कर्ण्याला साधारण २५० ते २५०० हर्ट्झ एवढाच आवाजाचा पट्टा नीट झेपत असे. त्याखालचा घुमारा आणि त्यावरची झळाळी वाटेतच गळून जायची. १९२५ मध्ये बेल प्रयोगशाळांत घडलेली विजेवरच्या ध्वनिमुद्रणाची पद्धत व्यापारात आली, मायक्रोफोन आला आणि हा पट्टा दोन्ही टोकांना रुंदावला. तरी मुद्रण आणि कापणी एकाच क्षणी होत होती. पुढे ज्याला मास्टरिंग म्हणू लागले, त्यातली पारख या काळातच तयार झाली होती. ती बाळगणाऱ्या वेगळ्या माणसाची गरज तेवढी अजून पडली नव्हती.

ती गरज टेपनं निर्माण केली. जर्मनीच्या एईजी कंपनीचं मॅग्नेटोफोन यंत्र १९३५ मध्ये लोकांसमोर आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक मलिन या अमेरिकी तंत्रज्ञानं तशी दोन यंत्रं मायदेशी नेली, आणि १९४८ मध्ये अँपेक्सचं पहिलं टेप रेकॉर्डर बाजारात आलं. त्याच वर्षी कोलंबिया कंपनीनं मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी आणली. आता गाणं आधी टेपवर उतरे, आणि नंतर सवडीनं कुणीतरी ते टेपवरून तबकडीवर नेई. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत हे काम शिकाऊ माणसांच्या वाट्याला येई. कापणीच्या खोलीतली उमेदवारी झाल्यावर मग मुख्य ध्वनिमुद्रकाच्या खुर्चीपर्यंत जाता येई. टेपवर जे आहे ते जसंच्या तसं लॅकरच्या तबकडीवर उतरवावं, एवढीच अपेक्षा होती. आणि नेमकं तेच अशक्य होतं.

का अशक्य, ते चराच्या भूमितीत आहे. आवाज जितका खालचा, तितका सुईचा झोका मोठा. खर्ज टेपवर आहे तेवढाच कापायचा म्हटलं तर चर इतका रुंद वळणं घेतो की शेजारच्या चरात घुसतो, किंवा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम काही मिनिटांचं संगीत मावतं. उलट वरच्या पट्टीचे आवाज इतके बारीक कोरले जातात की ते विनाइलच्या खरखरीत बुडतात. यावर तोडगा असा निघाला की कापताना खर्ज मुद्दाम कमी करायचा, तीव्र स्वर मुद्दाम वाढवायचे, आणि ऐकणाऱ्याच्या ॲम्प्लिफायरनं याच्या बरोबर उलट करून हिशेब जुळवायचा. आधी प्रत्येक कंपनीचं याचं गणित निराळं होतं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या आरआयएए या संघटनेनं एकच वक्ररेषा ठरवून दिली आणि पुढे ती जगभर रूढ झाली. तिच्यानुसार २० हर्ट्झला आवाज सुमारे २० डेसिबलनं दाबला जातो आणि २०,००० हर्ट्झला तेवढाच उचलला जातो. एका टोकाला आवाजाचा झोका दहावा हिस्सा, दुसऱ्या टोकाला दहापट. ‘काहीही न बदललेली’ म्हणून जी तबकडी कौतुकानं ऐकली जाते, तिच्या चरात प्रत्यक्षात इतका बदललेला आवाज असतो. घरोघरच्या यंत्रांनी तो परत फिरवावा, या सार्वजनिक करारावर सगळं उभं होतं.

हा करार पाळूनही अडचणी संपत नव्हत्या. तबकडी फिरते एकाच गतीनं, पण बाहेरच्या चराचा घेर मोठा आणि आतल्याचा लहान. लाँग प्लेच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर चर सरकतो, लेबलाजवळ जेमतेम २० ते २२. म्हणजे शेवटच्या गाण्याला पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी जागा मिळते. गायिकेचे ‘स’ आणि ‘श’ तिथे फाटतात, झांजेचा नाद चिरकतो. म्हणून कापणारा माणूस निर्मात्याला सुचवायचा, की जोरकस गाणं बाजूच्या सुरुवातीला घ्या, शांत गाणं शेवटी. अल्बममधल्या गाण्यांचा क्रम बऱ्याच वेळा असा चराच्या घेरानं ठरवला आहे. स्टिरिओ तबकड्या १९५८ मध्ये बाजारात आल्या आणि नवाच पेच पडला. डाव्या-उजव्या बाजूला खर्ज वेगवेगळा असेल तर सुई उभी नाचू लागते आणि चरातून बाहेर उडी मारते. म्हणून खालचे स्वर मध्यभागी एकवटावे लागत. चर कापणाऱ्या लेथच्या टेप यंत्राला आणखी एक वाचनशीर्ष बसवण्याची युक्ती याच काळातली. ते एका फेऱ्याइतकं आधी संगीत वाचतं, आणि पुढे मोठा आघात येतोय असं दिसलं की लेथ आपोआप दोन चरांमधलं अंतर वाढवतो, शांत जागा आली की कमी करतो. या यंत्रांशी रोज झटापट करणाऱ्याला गाण्याची अशी ओळख होत असे, जी ते बांधणाऱ्यालाही क्वचितच असेल.

या झटापटीचे पुरावे गाजलेल्या तबकड्यांत आहेत. बीटल्सना आपल्या तबकड्यांतला बास अमेरिकी तबकड्यांच्या मानानं दुबळा वाटे. १९६६ मध्ये ‘पेपरबॅक रायटर’ कापताना ॲबी रोडच्या तांत्रिक विभागानं अचानक येणारे मोठे आघात तेवढे आवरणारी नवी यंत्रणा वापरली, तेव्हा तो बास सुई न उडवता मोठा करता आला. मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ १९८२ मध्ये कारखान्यात जायच्या बेतात होता, तेव्हा निर्माता क्विन्सी जोन्सच्या लक्षात आलं की एकेका बाजूवर इतकी मिनिटं कोंबली आहेत की चर अरुंद झाले आणि आवाजातला जोम गेला. मग गाण्यांची कडवी आणि सुरावटी छाटल्या गेल्या, मिक्स पुन्हा झाले, आणि बर्नी ग्रंडमनच्या हाताखालून जी तबकडी निघाली तिचा ठोका आजही ध्वनितंत्रज्ञ नमुना म्हणून लावून ऐकतात. सुरुवातीला उल्लेख केलेल्या लेड झेपेलिनच्या अल्बमची हकिगत याच्या उलट्या दिशेची आहे. ‘आरएल’ अशी सही करणाऱ्या तरुण बॉब लडविगनं तो इतक्या दमदार पातळीवर कापला की स्वस्त प्लेअरवर सुई उड्या मारू लागली; अटलांटिक कंपनीनं तो पुन्हा, सौम्य करून कापून घेतला. आज उत्तम प्लेअर असलेले लोक पहिली कापणी शोधत फिरतात. दोन्ही कापण्या आपापल्या सुईसाठी बरोबर होत्या, असं मला वाटतं. मर्यादा फक्त तबकडीत नव्हती, ती ऐकणाऱ्याच्या घरातही होती, आणि गाणं कुणाच्या घरी जाणार आहे हे ओळखणं हा या कामाचा मोठा भाग होता.

सत्तरच्या दशकापर्यंत कारकुनी समजलं जाणारं हे काम प्रतिष्ठेचं झालं. डग सॅक्सनं १९६७ मध्ये लॉस एंजेलिसला ‘द मास्टरिंग लॅब’ सुरू केली. कुठल्याही रेकॉर्ड कंपनीच्या मालकीचं नसलेलं, केवळ मास्टरिंग करणारं ते ठिकाण होतं. पाठोपाठ न्यूयॉर्कमध्ये ‘स्टर्लिंग साउंड’ उभं राहिलं. कलावंत आता ठरावीक माणसाकडे टेप पाठवू लागले. त्यांच्या खोल्यांत हत्यारं मोजकीच असत. एक इक्वलायझर, आवाजाचे चढउतार आवरणारा एखादा लिमिटर. फेअरचाइल्ड कंपनीचा ६७० हा वीस व्हॅक्यूम ट्यूबचा प्रसिद्ध लिमिटर मुळात तबकडी कापण्यासाठीच बनला होता. स्टिरिओ चरातल्या आडव्या आणि उभ्या हालचाली वेगवेगळ्या आवरण्याची सोय त्यात होती. पण हत्यारांपेक्षा महत्त्वाची होती ती तटस्थता. मिक्स करणारा माणूस तेच गाणं आठवडेच्या आठवडे ऐकून थकलेला असतो. त्याच्या खोलीत एखाद्या कोपऱ्यामुळे खर्ज फुगत असेल, तर तो नकळत टेपवर खर्ज कमी ठेवतो. नवा कान, वेगळी आणि मोजूनमापून बांधलेली खोली, आणि ‘हे गाणं मागच्या गाण्याशेजारी कसं बसतं’ हा प्रश्न, यांतून असे दोष पकडले जातात. दुरुस्ती बहुधा एक-दोन डेसिबलची, कधी अर्ध्याची. आवाजाच्या मधल्या पट्ट्यात साचलेला घोगरेपणा थोडा काढला की गायिकेचा शब्द सुटा होतो, आणि तिचा आवाज वाढवावाच लागत नाही. कुशल मास्टरिंगनं आवाज सुधारतो तो असा, थोडं काढून टाकल्यानं. त्यालाही सीमा आहे. वाईट मिक्सचं सोनं कुणी करू शकत नाही, आणि चांगला इंजिनिअर अशी टेप परत पाठवतो.

यावर शुद्धतावाद्यांचा आक्षेप जुना आहे. कलावंतानं मिक्सला संमती दिली, आता मधल्या कुणी त्याला हात का लावावा? आक्षेपामागची निष्ठा खरी आहे, पण हात न लावलेली प्रत असते हे त्यामागचं गृहीतक चूक आहे. चराच्या वक्ररेषेचं वर आलंच. याहून बोलका दाखला माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चा. २ मार्च १९५९ च्या बैठकीत मुख्य टेप यंत्र किंचित हळू चालत होतं, त्यामुळे योग्य गतीनं वाजवल्यावर पहिल्या बाजूवरची तिन्ही गाणी चढ्या स्वरात ऐकू येत. तीन दशकांहून अधिक काळ जगानं ती तशीच ऐकली आणि तबकडीबरोबर वाजवू पाहणाऱ्या वादकांना आपलंच वाद्य उतरलंय असं वाटत राहिलं. १९९० च्या दशकात दुसऱ्या यंत्रावरची राखीव टेप वापरून नवं मास्टरिंग झालं तेव्हा स्वर जागेवर आला. इथे ‘हात न लावणं’ म्हणजे यंत्राचा दोष जपणं होतं. कॉम्पॅक्ट डिस्कच्या सुरुवातीच्या वर्षांतही हेच घडलं. तबकडीसाठी खर्ज छाटून, गरजेपुरती झळाळी चढवून ठेवलेल्या टेपा बऱ्याच कंपन्यांनी तशाच डिस्कवर उतरवल्या, आणि पातळ, कर्कश आवाजाचा दोष डिजिटल तंत्राच्या माथी बसला. आवाज एका माध्यमातून दुसऱ्यात नेताना कुणीतरी निर्णय घेतोच. तो जाणीवपूर्वक घेतला की निष्काळजीपणे, एवढाच फरक.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्यात तथ्य आहे. १९८२ मध्ये आलेल्या डिस्कवर चर नव्हता, उडणारी सुई नव्हती, आणि १६ बिटमध्ये सुमारे ९६ डेसिबलचा अवकाश होता. शांततेपासून गर्जनेपर्यंतचा सगळा प्रवास आता मावणार होता. झालं भलतंच. १९९४ मध्ये आलेल्या एल-१ सारख्या संगणकीय लिमिटरांनी आघातांची टोकं छाटून सगळं गाणं छताला टेकवण्याची सोय करून दिली, आणि शेजारच्या डिस्कपेक्षा आपली मोठी वाजावी म्हणून कंपन्यांत चढाओढ लागली. ती नवी नव्हती. ज्यूकबॉक्सच्या काळात ४५ फेऱ्यांच्या तबकड्याही एकमेकींवर मात करण्यासाठी मोठ्या कापल्या जात. तेव्हा चर कुठेतरी ‘बस’ म्हणायचा. आता तसं म्हणणारं कुणी उरलं नाही. मोठा आवाज क्षणभर चांगला वाटतो, याला कारण आहे: फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की हळू आवाजात कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढला की ते भरून येतात. दोन प्रती शेजारी ठेवल्या की मोठी प्रत जिंकते. तीच चाळीस मिनिटं ऐकली की कान शिणतो. मेटॅलिका या बँडच्या २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बममध्ये हे टोकाला गेलं. त्याच गाण्यांचं एका व्हिडिओ गेममधलं रूप कमी दाबलेलं आणि अधिक मोकळं निघालं, तेव्हा चाहत्यांनी अल्बम पुन्हा मास्टर करण्यासाठी सह्यांची मोहीम काढली. मिक्स आपल्याकडे आलं तेव्हाच ते भिंतीसारखं सपाट झालेलं होतं, असं मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सन यांनी एका चाहत्याला कळवलं आणि ते जगजाहीर झालं. रश या कॅनडाच्या बँडनं आपला २००२ चा ‘व्हेपर ट्रेल्स’ अकरा वर्षांनी नव्यानं मिक्स करून काढला.

यावरून मास्टरिंग हाच अपकार आहे असं ठरत नाही. उलट, कसब आपल्या मूळ प्रश्नापासून सुटलं की काय होतं ते दिसतं. ‘हे कुठे आणि कशावर ऐकलं जाणार?’ या प्रश्नाऐवजी ‘हे शेजारच्यापेक्षा मोठं आहे का?’ हा प्रश्न आला. इंजिनिअर निर्दोष होते असं मी म्हणणार नाही. काहींनी विरोध केला, काहींनी मागणीप्रमाणे माल दिला. अर्थपूर्ण गोष्ट ही की सुधारणा घडली ती पुन्हा एका बंधनातून. कानाला आवाज किती मोठा वाटतो हे मोजण्याचं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं प्रमाण २००६ मध्ये आलं, युरोपातल्या प्रसारकांनी २०१० मध्ये त्यावर आधारित मर्यादा ठरवली, आणि पुढे स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी याच मोजमापाच्या एककात उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणून वाजवू लागल्या. आता फार दाबलेलं गाणं सेवा स्वतःच खाली आणते, आणि खाली आणल्यावर ते मोकळ्या गाण्याशेजारी मिळमिळीत वाटतं. छाटलेले आघात परत येत नाहीत.

२०१४ पासून लँडरसारख्या सेवा काही मिनिटांत, माणसाशिवाय मास्टरिंग करून देतात. घरात गाणं करणाऱ्या मुलांना यानं मोठी मदत झाली आहे. अशा गाण्यांना पूर्वी शेवटचा कान मिळतच नव्हता. पण यंत्र गाण्याची तुलना हजारो गाण्यांच्या सरासरीशी करतं, आणि सरासरीबाहेर जाण्याचा गायकाचा हेतू त्याला दोष वाटू शकतो. यंत्र आणि माणूस यांच्यातला हा फरक सर्वांत ठळक होतो तो आपल्याकडच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या पुनर्मुद्रणात. ७८ हा आकडा पुष्कळ काळ नावापुरताच होता. सुरुवातीच्या दशकांत मुद्रणाची गती त्याच्या खालीवर होत असे. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली तर स्वर जवळजवळ अर्ध्या सुरानं चढतो. पांढरी एकमध्ये गाणारा गायक काळी एकमध्ये पोचतो, लय वाढते आणि तान प्रत्यक्षात होती त्याहून चपळ भासते. अशा चुकीच्या प्रतीवरून घराण्यांच्या गायकीबद्दल निष्कर्ष काढले जाण्याचा धोका खरा आहे. नाट्यपद असो वा तीन मिनिटांत बसवलेला ख्याल, योग्य गती शोधायला यंत्राकडे उत्तर नाही. एकाच बैठकीतल्या अनेक तबकड्यांत हार्मोनियमचा स्वर जुळतो का ते पाहावं लागतं. त्या काळच्या पेट्यांची जुळणी आजच्यासारखी एकसारखी नव्हती हेही ध्यानात ठेवून. काही तबकड्यांच्या शेवटी गायिका आपलं नाव बोलून सांगते, तो बोलण्याचा आवाज माणसाचा वाटतो की नाही यावरूनही अंदाज बांधता येतो. चराची रुंदी कंपनीगणिक बदलते, म्हणून सुई बदलून पाहावी लागते. आरआयएएची वक्ररेषा या तबकड्यांच्या जन्मानंतरची असल्यानं ती लावली तर तोल जातो. आणि खरखर काढताना हात आवरावा लागतो, कारण तंबोऱ्याच्या जव्हारीतले वरचे स्वर त्याच खरखरीच्या पट्ट्यात राहतात. बाजारात आज मिळणाऱ्या कित्येक प्रतींत खरखर पूर्ण गेली आहे आणि तिच्याबरोबर तंबोराही गेला आहे. त्या पुन्हा कराव्या लागतील, मूळ तबकड्या झिजून जाण्याआधी. आणि गती, सुई, वक्ररेषा यांपैकी काय निवडलं हे प्रत्येक पुनर्मुद्रणावर छापलं गेलं पाहिजे, म्हणजे पुढच्याला तो निर्णय तपासता येईल आणि गरज पडली तर बदलता येईल.